डुकरांच्या खाद्यातला चोथा आणि आतड्याचं आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोथ्याचा, म्हणजे खाद्यातल्या फायबरचा, विषय निघाला की वराहपालकांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, कोंडा म्हणजे स्वस्तात पोट भरायची सोय, जितका घालाल तितका फायदा. दुसरा म्हणतो, कोंडा वाढला की वजन थांबलं, मका आणि सोयापेंड द्या आणि गप्प बसा. दोघंही अर्धे बरोबर आहेत. किती घालायचा हे ठरवण्याआधी कुठला चोथा आणि कुठल्या वयाच्या जनावराला, हे ठरवावं लागतं. खालचे बहुतेक प्रश्न शेवटी तिथेच येऊन थांबतात.

डुक्कर रवंथ करत नाही. मग त्याला चोथा पचतो तरी का?

त्याला स्वतःला पचत नाही. सेल्युलोज किंवा पेक्टिन फोडणारे पाचकरस डुकराच्या शरीरात तयारच होत नाहीत. (आपल्याही नाहीत.) पण त्याच्या मोठ्या आतड्यात राहणारे जिवाणू ते काम करतात.

पूर्ण वाढलेल्या डुकराचं लहान आतडं साधारण १५ ते २० मीटर लांब असतं. स्टार्च, प्रथिनं, चरबी यांचा बहुतेक हिशोब तिथेच मिटतो. मोठं आतडं त्यामानाने आखूड, पण खाल्लेलं तिथे एक दिवस, कधी त्याहून जास्त मुक्काम करतं. या मुक्कामात जिवाणू चोथा आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात. ती रक्तात शोषली जातात आणि जनावराला ऊर्जा देतात. त्यातलं ब्युटिरिक तर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. म्हणजे चोथा गेला नाही, तर आतड्याचं अस्तरच उपाशी राहतं.

गाईची आंबवण्याची टाकी पुढे आहे, डुकराची मागे. फरक एवढाच, पण मोठा. गाईच्या पोटातले जिवाणू पुढे लहान आतड्यात जाऊन पचतात, त्यामुळे त्यांचं प्रथिन गाईला मिळतं. डुकराच्या मागच्या टाकीतले जिवाणू शेणावाटे बाहेर जातात. म्हणून चोथा डुकराला थोडी ऊर्जा देईल, प्रथिनाची भरपाई करणार नाही. आणि गाईला युरिया चालतो म्हणून डुकराला घालून बघणाऱ्यांनी तो प्रयोग आजच थांबवावा.

पोत्यावर ‘क्रूड फायबर ७ टक्के’ लिहिलंय. हा आकडा बघून खाद्य निवडावं का?

बघा, पण त्यावर फार विसंबू नका. ही मोजण्याची पद्धत जर्मनीत एकोणिसाव्या शतकात बसवलेली आहे. आम्लात आणि मग अल्कलीत खाद्य उकळायचं आणि उरेल तो चोथा. या उकळण्यात चोथ्यातल्याच हेमिसेल्युलोजचा मोठा भाग आणि लिग्निनचाही (झाडाला लाकडासारखं कडक करणारा घटक) काही भाग विरघळून जातो. त्यामुळे गव्हाच्या कोंड्यात क्रूड फायबर १० टक्क्यांच्या आसपास दिसतं, आणि त्याच कोंड्यात एनडीएफ (न्यूट्रल डिटर्जंट फायबर, चोथा मोजायची दुसरी पद्धत) मोजलं तर ४० टक्क्यांच्या पुढे जातं. एनडीएफ ही पद्धत अमेरिकेतले पशुपोषणतज्ज्ञ पीटर व्हॅन सोस्ट यांनी १९६० च्या दशकात आणली. तीही पेक्टिनसारखा विरघळणारा चोथा पकडत नाही, पण पोत्यावरच्या आकड्यापेक्षा पुष्कळ खरी आहे. प्रयोगशाळेत नमुना पाठवणार असाल तर एनडीएफ आवर्जून मागा.

दुसरं म्हणजे ७ टक्के कशाचे, हे पोतं सांगत नाही. सोयाबीनच्या टरफलाचे ७ आणि भाताच्या तुसाचे ७ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग आपल्या बाजारात मिळणाऱ्या कुठल्या मालात कुठला चोथा असतो?

ढोबळ तीन ढीग करा.

पहिला ढीग सहज आंबणाऱ्या चोथ्याचा: सोयाबीनचं टरफल, बीटाचा लगदा, लिंबू-मोसंबीचा चोथा. महाराष्ट्रात यातलं सोयाचं टरफल सगळ्यात हाताशी आहे. लातूर आणि विदर्भाच्या पट्ट्यात सोयाबीनवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, तिथे ते सुटतं. त्यात क्रूड फायबर ३५ टक्क्यांच्या आसपास असतं, आकडा बघून माणूस दचकतो, पण लिग्निन फार थोडं. मोठ्या मादीला ते चांगलं पचतं.

दुसरा ढीग मधल्या चोथ्याचा: गव्हाचा कोंडा, तुरीची आणि हरभऱ्याची चुनी, तांदळाचा कोंडा, बिअरचा चोथा. थोडा आंबतो, थोडा तसाच बाहेर पडतो आणि जाताना शेण मऊ ठेवतो. रोजच्या कामाला हाच ढीग.

तिसरा ढीग लाकडाच्या जातीचा: भाताचं तूस, उसाचं चिपाड, भुईमुगाची फोलं. यात लिग्निन भरपूर, आणि तुसात तर वरून सिलिका. जिवाणूंनाही तिथे दात लावता येत नाही.

तांदळाच्या कोंड्याबद्दल एक सांगायला हवं. तेल न काढलेला ताजा कोंडा उत्तम, पण त्यातलं तेल लवकर खवट होतं. पावसाळ्यात तर दोन-तीन आठवड्यांतच वास येऊ लागतो. आणि त्यात दळलेलं तूस मिसळणं हा जुना धंदा आहे. चिमूटभर कोंडा हातावर चोळा, वाळूसारखा खरखरीत लागला तर संशय घ्या. प्रयोगशाळेत फ्लोरोग्लुसिनॉलचे थेंब टाकले की तुसाचे कण लाल होतात.

दूध तोडलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लांना हगवण लागते. कोंडा दिला तर वाढेल की कमी होईल?

दोन्ही होऊ शकतं.

आईजवळच्या पिल्लाला दिवसातून वीसेक वेळा कोमट दूध मिळत असतं. ते अचानक बंद होतं, आई दिसत नाही, शेजारी अनोळखी पिल्लं, समोर कोरडं खाद्य. बरीच पिल्लं पहिला दिवसभर काही खातच नाहीत. लहान आतड्याच्या आतले केसांसारखे उंचवटे या उपासात झडून आखूड होतात आणि अन्न शोषायची जागाच कमी होते. मग भूक अनावर झाली की पिल्लू एकदम खातं. अर्धं पचतं, अर्धं न पचता पुढे सरकतं, आणि त्यावर ई. कोलाय जिवाणूंचं फावतं. न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात पोचलं की ते सडतं, त्यातून अमोनिया आणि इतर त्रासदायक द्रव्यं तयार होतात.

इथे चिकट, बुळबुळीत होणारा चोथा नको. ऑस्ट्रेलियातल्या मर्डोक विद्यापीठात यावर बरंच काम झालं. शिजवलेल्या तांदळावर वाढवलेली पिल्लं चांगली राहिली, पण त्याच तांदळात पोटात चिकट होणारे पदार्थ मिसळल्यावर ई. कोलायची वाढ बळावली. चिकटपणामुळे आतड्यातला माल रेंगाळतो आणि साचलेल्या पाण्यात डास व्हावेत तसे जिवाणू वाढतात.

याउलट जाडसर, न विरघळणारा चोथा थोडाच दिला तर आतडं हलतं राहतं. बार्सिलोनातल्या संशोधकांना खाद्यात ४ टक्के जाड गव्हाचा कोंडा घालून ई. कोलाय कमी झालेले दिसले. तोच कोंडा बारीक दळला की गुण तेवढा राहत नाही. म्हणून दूध तोडलेल्या पिल्लांसाठी मी १०० किलो खाद्यात ३ ते ५ किलो जाड कोंडा सांगतो, तोही न दळता. त्यापुढे जाऊ नका. या वयात पोट लहान असतं आणि कोंड्याने अडवलेली जागा म्हणजे मका-सोयाला नाकारलेली जागा.

दोन गोष्टी कोंड्यापेक्षा मोठ्या आहेत. पिल्लांना आईजवळ असतानाच, दहाव्या दिवसापासून, चमचाभर का होईना खाद्य चाखायला द्या. आणि सोयापेंडीने प्रथिन २२-२३ टक्क्यांवर चढवण्याचा हट्ट सोडा. १८-१९ टक्के प्रथिन आणि वरून लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन ही अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) दिली तर सडायला माल कमी उरतो. थ्रिओनिनचं नाव मुद्दाम घेतलं, कारण चोथा वाढला की आतड्यातला श्लेष्म (अस्तरावरचा बुळबुळीत थर) जास्त झिजतो आणि तो श्लेष्म बनवायला थ्रिओनिनच लागतं. कोंडा वाढवणारे हे नेमकं विसरतात.

तांदळाच्या पेजेबद्दल कोकणातून हमखास विचारणा होते. मऊ शिजवलेली पेज पहिल्या तीन-चार दिवसांत द्यायला हरकत नाही. ताजी मात्र हवी. सकाळची पेज संध्याकाळी नको.

इतके दिवस झिंक ऑक्साइडने काम भागत होतं. आता चोथ्याचा एवढा बोलबाला कशाला?

कारण तो रस्ता बंद होत चाललाय. किलोमागे अडीच-तीन ग्रॅम झिंक ऑक्साइड घातलं की हगवण थांबते, हे खरं. पण बहुतेक जस्त शेणातून शेतात जातं आणि साठतं, शिवाय औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढायला त्याचा हातभार लागतो. युरोपियन महासंघाने जून २०२२ पासून औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइड बंद केलं. वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं तिथे १ जानेवारी २००६ पासून बंद आहे, स्वीडनने तर १९८६ मध्येच थांबवलं होतं. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक देण्यावर बंदी घातली. अजून कुणी ‘पिल्लांचं पावडर’ म्हणून बिनलेबलची पुडी देत असेल, तर आत काय आहे हे विचारा.

झिंक काढलं आणि कोंडा घातला, झालं काम, असं मात्र समजू नका. युरोपातल्या शेतकऱ्यांना दूध उशिरा तोडणं, प्रथिन उतरवणं, पाणी स्वच्छ ठेवणं हे सगळं एकदम करावं लागलं. भारतात बहुतेक जण सहा ते आठ आठवड्यांनी दूध तोडतात. ही आपली जमेची बाजू आहे. चार आठवड्यांवर आणायची घाई असेल तर आधी उबेची सोय करा.

गाभण मादी दिवसभर गज चावते, रिकामंच तोंड हलवत राहते. आजार आहे का?

भूक आहे. गाभण मादीला आपण मोजून दोन-अडीच किलो देतो, कारण जास्त दिलं की ती चरबी धरते आणि विताना अडते. तेवढ्यात तिच्या शरीराची गरज भागते, पण पोट भरत नाही. दोन किलो मक्या-सोयाचं खाद्य ती दहा-पंधरा मिनिटांत संपवते. उरलेले तेवीस-पावणेचोवीस तास तिने काय करायचं?

चोथ्याचं खरं मोल मला इथे दिसतं. मोठ्या मादीचं मोठं आतडं तयार झालेलं असतं, वाढत्या डुकरापेक्षा ती चोथ्यातून कितीतरी जास्त ऊर्जा काढते. आंबणारा चोथा दिला की खाण्यानंतर बराच वेळ आम्लं थोडी थोडी रक्तात येत राहतात, साखर एकदम चढून उतरत नाही आणि मादी पसरून झोपते. शेडमधला आवाजच बदलतो, दुसऱ्या आठवड्यात तुमच्याही लक्षात येईल. युरोपात तर २००८ च्या १२० क्रमांकाच्या निर्देशात हे लिहूनच ठेवलंय, की दूध न पाजणाऱ्या गाभण माद्यांना भूक भागेल एवढं भरदार किंवा जास्त चोथ्याचं खाद्य द्यायचं.

आपल्याकडे साधं मिश्रण असं बसतं: खाद्याचा चौथा भाग गव्हाचा कोंडा, ८ ते १० टक्के सोयाचं टरफल, उरलेलं मका, पेंड आणि खनिजं. खाद्य हलकं होतं म्हणून रोजचं वजन दोनशे-तीनशे ग्रॅमने वाढवा. वरून किलो-दोन किलो लसूणघास किंवा कुठलाही कोवळा हिरवा चारा. मादीची पाठ दर पंधरा दिवसांनी हाताने चाचपा. कण्याची हाडं जोर न देता लागली तर ती खंगतेय, दाबूनही लागली नाहीत तर चढतेय.

विण्याच्या आधी मादीचं शेण गोळ्यांसारखं कडक होतं. काही बिघडतं का?

बरंच. डुकरीण ११४ दिवसांनी विते, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. शेवटच्या आठवड्यात आतड्याची हालचाल मंदावते. त्यात आपण तिला विण्याच्या पिंजऱ्यात हलवतो, चालणं बंद होतं, आणि नेमक्या त्याच दिवशी कोंड्याचं खाद्य काढून दूध पाजणाऱ्या मादीचं भारी खाद्य सुरू करतो. शेण सुकतं, मार्गावर दाब पडतो, विणं लांबतं. साचलेल्या शेणातली जिवाणूंची विषं रक्तात उतरली की ताप, कडक कास, आटलेलं दूध हे सगळं मागोमाग येतं.

दुसरं कारण कमी बोललं जातं. विणं म्हणजे चार-पाच तासांची मेहनत. डेन्मार्कमधल्या अभ्यासात दिसलं, की शेवटच्या खाण्यापासून विणं सुरू होईपर्यंत जितका वेळ जास्त, तितकं विणं लांबतं आणि मेलेली पिल्लं वाढतात. मोठ्या आतड्यात चोथा आंबत असेल तर खाणं थांबल्यावरही कित्येक तास ऊर्जा मिळत राहते. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत चोथा काढू नका, आणि दिवसाचं खाद्य तीन वेळांत विभागा. विण्याच्या दिवशी पूर्ण उपाशी ठेवायची जुनी पद्धत सोडून दिलेली बरी.

व्याल्यानंतर चार-पाच दिवसांत चोथा हळूहळू उतरवा. दूध पाजणाऱ्या मादीला ऊर्जा लागते, तिच्या खाद्यात कोंडा १० टक्क्यांपर्यंत पुरे.

पाण्याचा यात काय संबंध?

चोथा पाणी धरतो. पाणी नसेल तर तोच चोथा आतड्यात घट्ट बसतो, आणि बद्धकोष्ठता कमी करायला दिलेला कोंडा ती वाढवतो. दूध पाजणारी मादी दिवसाला २० ते ३५ लिटर पिते. तिच्या पिण्याच्या पाण्याच्या निपलखाली भांडं धरून घड्याळ लावा: मिनिटाला दोन लिटर यायला हवेत. अर्धा लिटरच येत असेल तर खाद्य बदलायच्या आधी प्लंबर बोलवा.

भाताचं तूस बारीक दळून घातलं तर?

नको. डुकराला त्यातून काही मिळत नाही आणि सिलिका आतडं खरवडते. तूस बिछान्याला वापरा.

बिअरचा चोथा आणि हॉटेलचं खरकटं?

बिअरचा चोथा चांगला. वाळूज–चिकलठाण्याच्या बाजूला बिअरचे कारखाने आहेत, तिथे गोठेवाल्यांशी स्पर्धा करून तो मिळवावा लागतो. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणजे चार-पाच किलो ओला चोथा तेव्हा कुठे किलोभर कोरडा माल. उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबतो, मग बुरशी. वाढत्या डुकरांना थोडा आणि गाभण माद्यांना सढळ हाताने, असं धोरण ठेवा. दूध तोडलेल्या पिल्लांना नको.

खरकट्याचं उलटं आहे. भात, पाव, तेल, मीठ भरपूर, चोथा जवळपास नाही, आणि रोजचा माल वेगळा. शेण पातळ राहतं ते त्यामुळे. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग भारतात २०२० मध्ये ईशान्येत पहिल्यांदा सापडला आणि डुकराच्या मांसाचे तुकडे असलेलं खरकटं हा त्याचा ठरलेला मार्ग आहे. आजार आला की शेड रिकामी होते, औषध नाही. खरकटं न देणं उत्तम. सोडणं शक्यच नसेल तर तळापासून ढवळत किमान अर्धा तास उकळा, कच्चा आणि शिजलेला माल वेगळ्या पिंपांत ठेवा, आणि वरून कोंडा मिसळा.

गोव्यात काजूच्या हंगामात बोंडूंचा चोथा पडून असतो. तो चालतो का?

चालतो, पण वाळवून. ताज्या चोथ्यात साखर असते, तो काही तासांत फसफसायला लागतो, आणि त्यातल्या टॅनिनमुळे तोंडाला आवळ बसते, प्रथिनही कमी पचतं. उन्हात कडक वाळवून मोठ्या डुकरांच्या खाद्यात दहावा भाग इथवर ठेवा. आगोंदा गोंयकार जातीची गावठी डुकरं असला चोथा आणि पाला संकरित डुकरांपेक्षा समाधानाने खातात. पण त्यांची वाढही संथ, तेव्हा तुलना जपून करावी.

कोंडा वाढवला की वजन कमी भरतं, हे खरं ना?

वाढत्या डुकरांत खरं. एनडीएफ एका टक्क्याने वाढलं की खाद्यातल्या ऊर्जेची पचनीयता साधारण एका टक्क्याने घसरते. डुक्कर जास्त खाऊन काही भरपाई करतं, पण पन्नास किलोच्या खालच्या डुकराच्या पोटाला मर्यादा आहे.

विक्रीच्या वेळी आणखी एक गंमत होते. चोथा खाणाऱ्या डुकराचं आतडं जड असतं आणि भरलेलंही. काट्यावर वजन छान दिसतं, कापल्यावर मटण कमी निघतं. जिवंत वजनावर विकणाऱ्याला यात फायदा वाटेल, पण खाटीक दुसऱ्या खेपेला भाव पाडतो. शेवटचे दोन-तीन आठवडे कोंडा उतरवा.

उन्हाळ्यात चोथा कमी करावा का?

हो, विदर्भात तर नक्कीच. आंबवण्याच्या क्रियेत उष्णता बाहेर पडते आणि डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. मार्च ते जून वाढत्या डुकरांचा आणि दूध पाजणाऱ्या माद्यांचा कोंडा कमी करून थोडं तेल घाला, खाणं पहाटे आणि रात्री द्या. गाभण माद्यांचा चोथा काढू नका, फक्त दुपारचा घास बंद करा.

खाद्य जितकं बारीक दळू तितकं पचतं ना?

पचतं, आणि जठराला जखमाही करतं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते त्या भागावर संरक्षक श्लेष्म नसतो. पिठासारखं खाद्य जठरात पातळ होऊन घुसळतं आणि आम्ल तिथवर चढतं. डुक्कर पांढरं पडलं, शेण डांबरासारखं काळं झालं, किंवा धडधाकट जनावर सकाळी मेलेलं आढळलं, तर दळणाकडे बघा. भरडा हातात घेतल्यावर कण जाणवले पाहिजेत. पेंढा चघळायला मिळाला तरी या जखमा कमी होतात.

शेडच्या वासावरून गावात भांडणं होतात. चोथ्याने वास कमी होतो म्हणतात, ते खरं का?

अमोनियाचा होतो. आंबणारा चोथा मिळाला की मोठ्या आतड्यातले जिवाणू वाढतात आणि वाढताना नायट्रोजन स्वतःत बांधून घेतात. जो नायट्रोजन युरिया होऊन मुतातून गेला असता, तो शेणात अडकतो. मुतातल्या युरियाचा अमोनिया काही तासांत होतो, शेणातल्याचा सावकाश. पण गटार तुंबलेलं असेल तर खाद्यातलं काहीही उपयोगाचं नाही.

शेणात रक्त दिसलं तर कोंडा वाढवू की बंद करू?

खाद्याला हात लावू नका, पशुवैद्यकाला बोलवा. रक्त आणि शेंब म्हणजे ब्रॅकिस्पायरा जिवाणूंची आव असू शकते, चाबूककृमी असू शकतात, आणि पटापट जनावरं मरत असतील तर त्याहून वाईट काहीतरी. शेणाचा ताजा नमुना स्वच्छ डबीत घेऊन ठेवा, आणि डॉक्टर येईपर्यंत त्या कप्प्यातले बूट दुसऱ्या कप्प्यात नेऊ नका.

नवीन मिश्रणावर किती दिवसांत यायचं?

सात ते दहा दिवस. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलायला वेळ लागतो. पहिले तीन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण. जास्त चोथ्यातून पूर्ण ऊर्जा काढायला माद्यांना याहून जास्त, तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा आठवडाभरात पाठ उतरली म्हणून घाबरून परत फिरू नका.

या दिवसांत रोज सकाळी शेड धुण्याआधी एक फेरी मारा. शेण जमिनीवर पडल्यावर आकार धरून थोडं पसरलं तर ठीक. गोळ्या सुट्या पडत असतील तर आधी पाणी तपासा, मग आंबणारा चोथा वाढवा. पसरून वाहत असेल तर कालच्या पायरीवर परत या आणि दोन दिवस तिथेच थांबा. गड्याला आधी शेड धुवायची सवय असते, त्याला एवढं एक सांगून ठेवा.